मुंबईत छापलेली ‘गीता’ अमेरिकेतून मागवायची आहे : विक्रेता कसा पारखावा?

जुळाऱ्याची लेक | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार. वर्षानुवर्षं इथले धागे वाचते, लिहिते आहे पहिल्यांदाच.

माझे बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी होते, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, खिळे, हातानं जुळवून मजकूर बसवणारे. आज ते ८६ वर्षांचे आहेत. खिळे गेले, छापखाना गेला, सवय मात्र राहिली. कुणी नवं पुस्तक हातात दिलं की ते आधी पान उलटतात आणि मागच्या बाजूनं बोट फिरवून ठसा लागतो का बघतात. हल्ली लागत नाहीच. तरी बघतात.

मागच्या वर्षी एका पुस्तकाबद्दल वाचनात आलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. जॉर्ज मेसी यांनी १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये ‘लिमिटेड एडिशन्स क्लब’ काढला. सभासदांना महिन्याला एक देखणं पुस्तक, प्रती साधारण १५००, प्रत्येक प्रतीवर क्रमांक आणि बहुतेक वेळा चित्रकाराची सही. पुस्तकं ते ठिकठिकाणच्या चांगल्या छापखान्यांकडून छापून घेत. १९६५ साली क्लबनं भगवद्गीता काढली आणि ती छापली गेली मुंबईत, कमर्शियल प्रिंटिंग प्रेसमध्ये! एडविन अर्नोल्ड यांचं इंग्रजी पद्यरूप, चित्रं वाय. जी. श्रीमती यांची, प्रस्तावना श्रीप्रकाश यांची. अर्नोल्ड १८५७ पासून काही वर्षं पुण्याच्या सरकारी कॉलेजचे प्राचार्य होते, तेच पुढचं डेक्कन कॉलेज. श्रीप्रकाश म्हणजे महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल. आपल्या मातीतून इतकं सगळं गेलेलं पुस्तक, आणि ते बघायला मिळणार अमेरिकेतल्या विक्रेत्यांकडे.

बाबा त्या छापखान्यात नव्हते. पण १९६५ साली ते याच शहरात उभे राहून खिळे जुळवत होते. त्यांच्या हातात हे पुस्तक एकदा द्यायचं आहे.

एकदा फसले आहे, तेही सांगते. एका साइटवर ‘लिमिटेड एडिशन्स क्लब / हेरिटेज, १९६५, बॉक्ससह’ असं वर्णन होतं. मागवलं. आलेल्या प्रतीवर ना क्रमांक, ना सही. विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर आलं, ‘हेरिटेज असं लिहिलं होतंच की.’ परत पाठवायचा खर्च पुस्तकाच्या किमतीपेक्षा जास्त, म्हणून ठेवून घेतलं. बाबांना दाखवलेलं नाही.

कुणी अशी पुस्तकं घेतली असतील तर मार्गदर्शन करा.

एडिसनकर | शनिवार, रात्री ११.३०

ताई, ही गल्लत फार जणांची होते. इथं अमेरिकेत जुन्या पुस्तकांच्या दुकानांत पंधरा वर्षं हिंडतो आहे, मीही यात अडकलो होतो.

हेरिटेज प्रेस हेही मेसी यांचंच अपत्य, १९३५ चं. ज्यांना क्लबची वर्गणी परवडत नाही त्यांच्यासाठी तोच मजकूर आणि तीच चित्रं, पण साध्या सामग्रीत आणि प्रतींच्या संख्येवर बंधन न ठेवता. वाचायला ही पुस्तकं उत्तम असतात, माझ्या घरी दोन फळ्या भरून आहेत. मात्र ती संग्राह्य मर्यादित आवृत्ती नव्हे, आणि किमतीतही मोठा फरक असतो. मी पाहिलेल्या या गीतेच्या हेरिटेज प्रती वीस ते चाळीस डॉलरच्या होत्या, क्लबच्या प्रती शंभराच्या वर.

ओळखायचं कसं? नावाच्या पानावर प्रकाशक कोण आहे ते वाचायचं. ‘हेरिटेज प्रेस, न्यूयॉर्क’ असेल तर हेरिटेजची आधीची छपाई. ‘नॉरवॉक, कनेक्टिकट’ असेल तर त्यानंतर मालकी बदलल्यावरची. हेरिटेजच्या पुस्तकात ‘सँडग्लास’ नावाचं चार पानी पत्रक असायचं, तर क्लबच्या पुस्तकाबरोबर ‘मंथली लेटर’. विक्रेता ‘सँडग्लास आहे’ असं कौतुकानं सांगत असेल, तर तो हेरिटेजच विकतो आहे हे लगेच कळतं.

शिवण | रविवार, सकाळी ७.०५

मी पुण्यात बांधणीचं काम करतो, तिसरी पिढी. एकच गोष्ट आधी सांगतो, बाकी सवडीनं.

पैसे देण्याआधी शेवटच्या पानाचा फोटो मागायचा. क्लबच्या पुस्तकात ‘ही आवृत्ती इतक्या प्रतींची, ही प्रत अमुक क्रमांकाची’ अशी नोंद शेवटी असते, तिला कॉलोफन म्हणतात. क्रमांक तिथंच, सहीही तिथंच. मुखपृष्ठाचे दहा फोटो आणि कॉलोफनचा एकही नाही, अशी जाहिरात दिसली तर विक्रेत्याला स्वतःला कळत नाही किंवा तुम्हाला कळू नये असं वाटतं. कारण काहीही असो, फोटो येईपर्यंत थांबायचं.

दुसरा फोटो कण्याचा, दिवसाउजेडी. बॉक्समध्ये उभ्या ठेवलेल्या पुस्तकाचा कणाच तेवढा बाहेर दिसत असतो, म्हणून ऊन त्यालाच लागतं. पुठ्ठे नव्यासारखे आणि कणा विटलेला, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

तिसरा फोटो पुस्तक मधोमध उघडून, शिवणीचा. धागा दिसू दे. जुजबंदी बांधणी, म्हणजे पानांच्या घड्या धाग्यानं शिवलेली, साठ वर्षं सहज टिकते, पण कुणी मधे डिंक ओतून ‘दुरुस्ती’ केली असेल तर पानं मोकळी उघडत नाहीत. तशा डिंकावर मग मला किंवा माझ्यासारख्याला आठवडा घालवावा लागतो.

नवखा वाचक | रविवार, सकाळी १०.४०

उत्तम धागा. माझा प्रश्न मुळातला आहे. सोनेरी कडांची, चामडी बांधणीची ‘कलेक्टर्स एडिशन’ पुस्तकं ऑनलाइन दिसतात, तीही यातच मोडतात का? मी दोन घेतली आहेत.

आडवा उजेड | रविवार, दुपारी १.१५

ती सजवलेली पुस्तकं. त्यांत वाईट काही नाही, आवडली असतील तर जपा. पण फाइन प्रेस म्हणजे वेगळी गोष्ट. तिथं मोल छपाईचं, कागदाचं आणि अक्षरांच्या मांडणीचं असतं, सोनं नंतर येतं.

ही चळवळ सुरू झाली विल्यम मॉरिस यांच्या केल्मस्कॉट प्रेसपासून, १८९१ साली, लंडनच्या हॅमरस्मिथ भागात. यंत्रांनी पुस्तक स्वस्त केलं आणि कुरूपही केलं, असं त्यांचं मत होतं. त्यांनी स्वतः टाइप रेखाटला, हातकागद बनवून घेतला आणि हातप्रेसवर छापलं. १८९६ साली त्यांनी जुना इंग्रजी कवी चॉसर याचा ग्रंथ काढला, त्याच्या कागदावर छापलेल्या प्रती ४२५ आणि चर्मपत्रावरच्या १३. त्यात चित्रकार बर्न-जोन्स यांची ८७ चित्रं. तुम्हाला हा चॉसर ऑनलाइन स्वस्तात ‘सापडला’, तर ती प्रतिकृती असते. १९५८ साली अमेरिकेत निघालेली तर वारंवार विक्रीला येते. वर्णनात ‘फॅक्सिमिली’ हा शब्द पार खाली, बारीक टाकलेला असतो.

जुळाऱ्याची लेक यांच्या बाबांसाठी डव्ह्ज प्रेसची गोष्ट सांगतो. कॉबडन-सँडरसन आणि एमरी वॉकर या दोन भागीदारांचा हा छापखाना १९०० चा, त्याच हॅमरस्मिथमधला. पाच खंडांचं त्यांचं बायबल ५०० प्रतींचं. त्यात आतलं एकही चित्र नाही, नुसती अक्षरं, आणि तरी पान पाहत राहावंसं वाटतं. पुढं दोघांचं बिनसलं. करारानुसार टाइप वॉकर यांच्याकडे जाणार होता. तो कुणाच्याही हाती लागू नये म्हणून कॉबडन-सँडरसन यांनी रात्री-अपरात्री पुलावर जाऊन खिळे थेम्स नदीत टाकले. एकदा नव्हे, महिनोन् महिने, १९१६-१७ मध्ये. जवळपास शंभर वर्षांनी, २०१४ साली, पाणबुड्यांच्या मदतीनं त्यांतले १५० खिळे नदीतून वर काढले गेले.

आता तुमच्या कामाचं. खिळ्यांची छपाई आहे का, हे फोटोवरूनही बरंचसं कळतं. विक्रेत्याला सांगा, खोलीतला दिवा मालवा, बॅटरी पानाच्या कडेला आडवी धरा आणि फोटो काढा. ठसा असेल तर अक्षरांच्या सावल्या पडतात. भिंग असेल तर अक्षराची किनार बघा. दाबानं शाई कडेला सरकते, तिथं ती किंचित दाट दिसते. ऑफसेटमध्ये, म्हणजे हल्लीच्या सपाट छपाईत, अशी कड नसते. ताईंचे बाबा बोटानं जे करतात तेच हे.

जुळाऱ्याची लेक | रविवार, रात्री ८.५०

खिळे नदीत टाकल्याचं बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मालकानं टाकले असतील. जुळाऱ्यानं टाकले नसते.’

शिवणदादा, तीन फोटोंची यादी लिहून घेतली. एडिसनकर, हेरिटेज आणि क्लब यांतला फरक आज पहिल्यांदा नीट कळला.

नवखा वाचक | सोमवार, सकाळी ९.२०

जाहिरातींत ‘व्हेरी गुड’, ‘नियर फाइन’ असं लिहिलेलं असतं. ते किती धरून चालायचं?

एडिसनकर | सोमवार, संध्याकाळी ६.००

हे शब्द रोजच्या इंग्रजीतल्या अर्थानं घेतले की घात होतो. ‘फाइन’ म्हणजे जवळपास कोरं. ‘नियर फाइन’मध्ये एखादी बारीक खूण चालते. ‘व्हेरी गुड’मध्ये वापर दिसतो, पण काही फाटलेलं असेल तर विक्रेत्यानं सांगायलाच हवं. आणि ‘गुड’ म्हणजे चांगलं नव्हे! सगळी पानं आहेत, पण पुस्तक वापरून थकलेलं आहे, इतकाच त्याचा अर्थ. संग्रहासाठी ‘गुड’ प्रत घ्यायची तर डोळे उघडे ठेवून घ्यावी.

‘एक्स-लायब्ररी’ असेल तर शिक्के, खिसा, कण्यावरचा क्रमांक हे सगळं आलंच. ‘फॉक्सिंग’ म्हणजे कागदावरचे तपकिरी ठिपके.

माझा अनुभव असा, की दोषांची यादी देणारा विक्रेता विश्वासाचा. ‘मागच्या पुठ्ठ्याचा खालचा कोपरा दोन मिलिमीटर दबलेला’ असं जो लिहितो, त्यानं पुस्तक हातात घेऊन पाहिलेलं असतं. ‘सुंदर, दुर्मीळ, भेट देण्यास योग्य’ असं लिहिणाऱ्यानं पाहिलेलं असेलच असं नाही. अशा खरेदीत आपल्यासमोर पुस्तक नसतंच, त्याचं वर्णन असतं. वर्णनाचाच भाव करायचा.

शोधायला एबबुक्स, बिब्लिओ, ईबे आहेत, आणि बऱ्याच ठिकाणचं एकदम दाखवणारं व्हायालिब्री आहे. महाग पुस्तक असेल तर विक्रेता ‘आयलॅब’चा, म्हणजे जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघाचा, किंवा अमेरिकेतल्या ‘एबीएए’चा सभासद आहे का ते बघा. दोन्ही संघ १९४० च्या दशकातले आहेत. वर्णन चुकलं तर पुस्तक परत घ्यायची बांधिलकी हे सभासद मानतात. किंमत थोडी चढी असते, पण ती त्या बांधिलकीची.

आडवा उजेड | सोमवार, रात्री १०.१०

एक पुरवणी. चित्रांचं पुस्तक असेल तर ‘सगळी चित्रं जागेवर आहेत का’ हे लेखी विचारा. क्लबच्याच १९३४ सालच्या ‘लिसिस्ट्राटा’ या ग्रीक नाटकात पिकासोची मूळ एचिंग्ज, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं, आहेत. अशी पुस्तकं फोडून चित्रं सुटी विकतात. उरलेलं पुस्तक मग कुणाच्या तरी माथी मारलं जातं. बघूनच जीव तुटतो.

नवखा वाचक | मंगळवार, दुपारी २.३०

मागवताना विक्रेत्याला ‘गिफ्ट’ लिहायला आणि किंमत कमी दाखवायला सांगितलं तर कर वाचतो असं ऐकलं. खरं का?

बंदरावरचा | मंगळवार, संध्याकाळी ७.४५

माल सोडवण्याच्याच धंद्यात आहे, म्हणून आग्रहानं सांगतो : हे करू नका. खोटं तर ते आहेच, आणि नुकसानही तुमचंच. विमा दाखवलेल्या किमतीचाच असतो. दोनशे डॉलरचं पुस्तक वीस डॉलरचं दाखवलं आणि वाटेत भिजलं, तर वीसच मिळणार.

आणि वाचवायचं आहे तरी किती? २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क लावलं गेलं, छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. वर कुरिअरवाले त्यांचं शुल्क लावतात, ते आधी विचारून घ्या. त्यापेक्षा बिलावर स्पष्ट ‘छापील पुस्तक, १९६५’ असं लिहून घ्या. ‘कलेक्टिबल’, ‘अँटिक’ असे शब्द टाकले की अधिकाऱ्याला शंका येते आणि पार्सल अडतं. ओळखपत्राची मागणी येते तेव्हा उत्तर त्याच दिवशी द्या. आपल्या बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंद असतात, तेही आधी चालू करून ठेवा.

जुळाऱ्याची लेक | शुक्रवार, रात्री ९.३०

दोन प्रती सापडल्या आहेत. पहिली बरीच स्वस्त, ‘नियर फाइन, क्रमांकित, सही असलेली’, कॉलोफनचा फोटोही आहे. दुसरी तिच्या जवळजवळ दुप्पट किमतीची, ‘व्हेरी गुड’, कणा थोडा फिका, बॉक्सची एक कड सुटलेली, सगळं तपशीलवार लिहिलेलं. माझा ओढा पहिलीकडे आहे. दुवे खाली दिले आहेत, कृपया बघाल का?

आडवा उजेड | शुक्रवार, रात्री ११.५५

ताई, थांबा. पहिल्या जाहिरातीतला कॉलोफनचा फोटो मोठा करून पाहिला आणि चित्रशोधात टाकला. तोच फोटो, तोच क्रमांक आणि पानाच्या कोपऱ्यावरचा तोच डाग एका तिसऱ्या विक्रेत्याच्या, जुन्या, विकल्या गेलेल्या प्रतीच्या जाहिरातीत आहे. पहिल्या विक्रेत्यानंच ती प्रत विकत घेतली असेल हेही शक्य आहे. म्हणून सरळ आरोप करू नका. फक्त एक मागणी करा : पुस्तक त्याच पानावर उघडून, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून, नवा फोटो पाठवा. ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याला याला दोन मिनिटं लागतात.

जुळाऱ्याची लेक | सोमवार, सकाळी ८.१५

पहिल्या विक्रेत्याचं उत्तर आलं. पुस्तक गोदामात आहे, फोटो काढता येणार नाही, पण आज पैसे भरले तर आणखी सूट देतो. शुक्रवारी रात्री मी पैसे भरणारच होते. आडवा उजेड, तुमचे मनापासून आभार.

दुसऱ्या विक्रेत्या बाईंना तेच लिहिलं. तासाभरात नऊ फोटो आले. शेवटचं पान, कणा, शिवण, आणि मी न मागता बॉक्सच्या सुटलेल्या कडेचे दोन. चित्रं स्वतः मोजल्याचंही त्यांनी लिहिलं होतं. पुस्तक मुंबईला परत जाणार म्हणून त्यांनाही आनंद झाला आहे.

शिवण | सोमवार, सकाळी ८.४०

हीच घ्या. बॉक्सची कड माझ्याकडे आणा, पैसे घेणार नाही. तोवर तिला सेलोटेप लावू नका, कुणालाही लावू देऊ नका. चिकटपट्टीचा डिंक कागदात उतरला की जात नाही.

एडिसनकर | सोमवार, संध्याकाळी ५.३०

माझ्या पत्त्यावर मागवा. माझी बहीण पुढच्या महिन्यात ठाण्याला येते आहे, हातातल्या बॅगेतून आणेल. विक्रेतीला सांगा : बॉक्स आणि पुस्तक वेगवेगळं गुंडाळायचं, दोन्हीकडून जाड पुठ्ठा, आणि खोक्यात खोकं. पुस्तक बॉक्समध्ये घालूनच पाठवलं तर वाटेतल्या प्रत्येक धक्क्याला ते आतून बॉक्सवर आपटतं. अशा फुटलेल्या कडा मी पाहिल्या आहेत.

मांडवीकाठ | सोमवार, रात्री ९.००

गोव्यातून लिहितो. पुस्तक आल्यावरचं कुणी बोललं नाही म्हणून. आमच्याकडे आणि तुमच्या मुंबईत पाऊस सारखाच. काचेच्या बंद कपाटात दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. कपाट भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा ठेवा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, कोरड्या दिवशी, दारं उघडून पंखा लावा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण महिन्यानं बदला. कसर दिसली तर पुस्तकावर काही फवारू नका, पुस्तक बाहेर काढून कपाट झाडा. आणि पुस्तक पाहत राहा. आमच्या घरातली जी पुस्तकं कुणी उघडली नाहीत, तीच कसरीनं खाल्ली.

जुळाऱ्याची लेक | जवळपास दोन महिन्यांनी, रविवार, दुपारी ४.२०

मंडळी, पुस्तक आलं. एडिसनकरांच्या बहिणीनं स्वतः घरी आणून दिलं, चहाही धड घेतला नाही. वर्णनात होतं तसंच, कण्याच्या फिकेपणासकट.

बाबांना आधी काही सांगितलं नाही, नुसतं हातात दिलं. त्यांनी चित्रं पाहिली नाहीत, नावाचं पान पाहिलं नाही. थेट शेवटून उघडलं. चष्मा लावूनही त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मला वाचायला लावलं. ‘मुंबई’ आलं तसं परत वाच म्हणाले. तीनदा वाचलं. मग एकेक पान बोटात धरून उलटत राहिले, दोन ओळींमधली जागा, समास, परिच्छेदाची सुरुवात बघत. अर्ध्या तासानं पहिलं वाक्य बोलले : ‘जुळणी कुणाची?’

क्लबचं नाव आहे, छापखान्याचं आहे, चित्रकर्तीची सही आहे. जुळाऱ्याचं नाव मला कुठंच सापडलं नाही. मी म्हटलं, मोनोटाइप यंत्रावर झालं असेल, हातानं नसेलही. ते म्हणाले, ‘यंत्रावर कुणीतरी बसलंच असेल ना. प्रूफ कुणीतरी दुरुस्त केलं असेल.’

शिवणदादा, बॉक्स घेऊन पुढच्या शनिवारी पुण्याला येते. बाबाही येतो म्हणतात, त्यांना तुमची शिवण बघायची आहे.

आणि सगळ्यांना एक विनंती. १९६५ च्या आसपास मुंबईच्या छापखान्यांत इंग्रजी जुळणीला असलेलं कुणी तुमच्या घरात, ओळखीत, शेजारी असेल तर इथं कळवा. बाबांना त्यांच्याशी बोलायचं आहे. संध्याकाळी सहानंतर ते जागे आणि उत्साहात असतात.